राखणीचा कुत्रा दाव्याला बांधू नका



उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. जुन्नर, अकोले भागात पाटाचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्याने फडातच बिऱ्हाड थाटले. वासरू गेले, शेळी गेली, की सभासद म्हणतो, ‘एक दांडगं कुत्रं आणू.’ मग भारी किमतीचे परदेशी पिल्लू येते आणि गोठ्यापुढे साखळीला बांधले जाते. हा पैसा वाया जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राखणीचा कुत्रा नुसत्या अंगापिंडाने होत नाही. हिमाचलातल्या गद्दींचा कुत्रा घ्या, काश्मीरकडच्या बकरवालांचा घ्या, नाहीतर तुर्कस्तानातला कांगल घ्या. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की ते कोकरांत सोडतात. तिथेच ते खाते, तिथेच निजते आणि कळपालाच आपले घर मानते. हे वय हुकले की पुढे शिकवून भागत नाही. कामाला भरवशाचे व्हायला त्याला दोन वर्षे लागतात. ते शिकारीमागे धावत नाही. कळप आणि जनावर यांच्यामध्ये उभे राहून भुंकते. हुकमाची वाट न बघता आपल्या मनाने निर्णय घेते. आफ्रिकेत नामिबियामध्ये १९९४ पासून शेतकऱ्यांना चित्त्यापासून शेळ्यामेंढ्या राखण्यासाठी अशी कांगल पिल्ले दिली जातात. ती तिथे उपयोगी पडली, कारण ती कळपातच वाढवली जातात.

आपल्या राज्यातला सगळ्यात अवघड मुलूख म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातला मूल तालुका. तो भाताचा प्रदेश, ऊस तिथे नाही. १९९५ साली झालेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प जवळच, त्यामुळे वाघ शिवारापर्यंत येतो. त्या बाजूला कुरमार मेंढपाळ कळप घेऊन हिंडतात. वाघापुढे कुत्र्याचे बळ चालत नाही, हे तिकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. कुत्र्याचे काम वेळेवर जागे करण्याचे. पुढचे काम जागा माणूस, जाळ आणि एकत्र बसवलेला कळप यांचे. माणूस घोरत पडला तर कुत्रा काय करणार?

आता आपल्याकडचे बघा. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे फडाच्या कडेला एकटे बांधलेले कुत्रे ही राखण नव्हे, ते आमिष आहे. पळता येत नाही आणि जोडीला कोणी नाही. शिवाय दिवसभर साखळीला राहिलेले कुत्रे चिडके होते आणि पहिला चावा घरच्या पोराला घेते.

तेव्हा आमचे सांगणे असे. आधी गोठा बंदिस्त करा. भिंतीबरोबर वरूनही जाळी हवी, कारण बिबट्या वरून उतरतो. मग कुत्री पाळायची तर जोडीने पाळा, गावठी पाळा आणि रात्री कुंपणाच्या आत मोकळी सोडा. आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवणारे धनगर दरसाल येतात. त्यांच्याकडचे कळपात वाढलेले पिल्लू मागून घ्या. त्याला पोटभर घाला. नुसत्या शिळ्या भाकरीवर राखणीचे कुत्रे उभे राहत नाही. दरवर्षी रेबीजची लस द्या, डिस्टेंपरचीही द्या. १९९४ साली सेरेंगेटीच्या जंगलात डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. हा रोग कुत्र्यांकडून रानात जातो.

कारखान्याकडेही आमची एक मागणी आहे. गळीत हंगाम सुरू होताच तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर त्यांची कुत्रीही येतात. सभासदांच्या आणि टोळ्यांच्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गटवार लसीकरण शिबिर घ्यावे. कुत्रं चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावून घरी बसू नका. हे कोपीत राहणाऱ्या मजुरांनाही समजावून सांगावे. फडाच्या कडेला उघड्यावर निजणारी लेकरं त्यांची आहेत. बिबट्याचे आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे भय आधी त्यांना आहे, मग आपल्या वासराला.