शाळेची पायवाट

घर, नोकरी आणि अभ्यास अशी तिहेरी कसरत आपल्यापैकी अनेक जण करतात. सकाळी मुलाला दुचाकीवर बसवून शाळेच्या फाटकाशी सोडणे हा त्या कसरतीचाच भाग होऊन गेला आहे. या सवयीकडे एकदा नव्याने पाहू या.

पनवेलजवळचे विचुंबे गाव घ्या. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात ते मोडते. या क्षेत्राच्या नियोजनाचे काम २०१३ मध्ये सिडकोकडे आले. अशा झपाट्याने वाढणाऱ्या गावांत इमारती आधी येतात. पदपथ मागाहून येतो किंवा येतच नाही.

“रस्ता धोक्याचा आहे, म्हणून गाडीने सोडतो,” असे पालक म्हणतात. ते खोटे नाही. परंतु फाटकापाशी दाटी होते ती त्याच गाड्यांची. ज्या भयापोटी आपण गाडी काढतो, ते भय आपलीच गाडी वाढवीत असते; आणि त्याची झळ पोहोचते ती ज्याच्या घरी गाडीच नाही अशा मुलाला.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत असावी. एवढे अंतर मूल पंधरा-वीस मिनिटांत चालते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचवते. झपाझप जाऊन-येऊन तिचा मोठा वाटा विनाखर्च पदरी पडतो.

जपानमध्ये अनेक ठिकाणी लहान मुले गटाने पायी शाळेत जातात. आपल्याला तर दिंडी नवी नाही. शेजारच्या दहा घरांतील मुले आणि पाळीने रोज दोन पालक, एवढे जमले तरी प्रत्येक घराची पाळी आठवड्यातून साधारण एकदाच येईल.

अर्थात, शाळा दूर असेल तर बसच हवी. आणि पदपथ, गतिरोधक, पावसाळ्यातील पाण्याचा निचरा या गोष्टी केवळ पालकांच्या निर्धाराने होणार नाहीत. त्यांची मागणी ग्रामसभेतच मांडावी लागेल. मात्र रोज त्या रस्त्याने चालणाराच ती ठामपणे मांडू शकतो.

मित्रहो, आपण दूरशिक्षण घेता. अंतर ओलांडून शिकण्याचे मोल आपणास ठाऊक आहे. मुलांच्या वाट्याचे छोटेसे अंतर त्यांना स्वतःच्या पायांनी ओलांडू द्यावे.