पाहुण्या पेशींची मोजदाद

भावाने दिलेली अस्थिमज्जा बहिणीच्या शरीरात रुजली, की सारे पार पडले असे आपणांस वाटते. डॉक्टरांची राखण मात्र पुढेही चालूच राहते. तिच्या रक्तात भावाच्या पेशी किती आणि तिच्या स्वतःच्या किती, हे ते वारंवार मोजतात.

पूर्वी त्यासाठी गुणसूत्रे पाहत. स्त्रीच्या रक्तात ‘वाय’ गुणसूत्राची पेशी आढळली, की ती भावाची. दाता व रुग्ण दोघेही पुरुष असले, की ही खूण निरुपयोगी. आता डीएनएमधील काही लहान तुकडे कोणात किती वेळा पुनरावृत्त होतात, यावरून दोघांचे प्रमाण शेकड्यात काढतात.

एका आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. दात्याच्या पेशी घटू लागल्या, तर शरीर मज्जा नाकारीत असेल किंवा रक्ताचा कर्करोग उलटत असेल. वेळीच कळल्यास औषधे बदलता येतात. कधी दात्याच्या लिंफोसाइट पेशी देता येतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली अस्थिमज्जारोपण झाले, तेव्हापासून ही आशा आपल्याही देशात आली. रुग्ण हिंडूफिरू लागला, की ‘आता एवढ्या लांब पुन्हा कशाला?’ असे घरच्यांना वाटते. आम्ही इतकेच सुचवू, की तपासणी चुकवू नये. हा आकडा चेहऱ्यावर उमटत नाही.