भाग दोनची घाई

"खुनी कोण ते कळलंय, मग स्लॅशरच्या दुसऱ्या भागात सस्पेन्स आणणार कुठून?" ही सबब मला अजिबात पटत नाही. अहो, तुळजापूरला गोंधळ बघा एकदा. महिषासुर मरणार हे पोराटोरांनाही पाठ, तरी संबळाचा ठेका मध्येच थांबला की सगळे श्वास रोखून बसतात. गोंधळ्याला घाई नसते ना!

उलट 'फ्रायडे द थर्टीन्थ'. पहिला १९८०चा, दुसरा १९८१मध्ये हजर! सुरुवातीलाच जुन्या सिनेमाचे तुकडे, आणि मग पहिल्या भागात वाचलेल्या अ‍ॅलिसचा लगेच खेळ खलास. जिच्यासाठी जीव टांगणीला लागला असता, तीच गेली. उरलेली मंडळी नीट ओळखीची होण्याआधीच मरतात, त्यांची काळजी कोण करणार? मी तर चौथ्या खुनानंतर सरळ जेवायला उठलो.