‘दिव्यांग’ म्हणता, मग शिकाऊ म्हणून घ्या!

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील लाखो हात कोयता घेऊन साखरपट्ट्यात जातात. ज्याचा पाय पोलिओने गेला, ज्याला दिसत वा ऐकू येत नाही, तो मुकादमाच्या उचलीत बसत नाही. गावात म्हाताऱ्यांपाशी राहतो. अशा पोराने जिद्दीने आयटीआय केले, तरी पुढे काय?

1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा उघडा. कलम 3 मध्येच शिक्षणाबरोबर शारीरिक पात्रतेची अट आहे. 1973 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना, 2007 च्या दुरुस्तीने इतर मागासवर्गीयांना राखीव जागा मिळाल्या; दोन्ही वेळा अपंग कुणाला आठवले नाहीत. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के जागा दिल्या खऱ्या, पण शिकाऊ हा कामगार नव्हे, असे शिकाऊ कायद्याचेच कलम 18 सांगते. म्हणजे नोकरीचे आरक्षण शिकण्याच्या उंबरठ्यावरच अडते, आणि न शिकलेल्याला पुढे नोकरी कोण देणार?

2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला. 2022 मध्ये राज्याने स्वतंत्र खातेही काढले. आम्हाला ‘हरिजन’ हा शब्द आठवतो. नाव देवाचे दिले, पाणवठा मात्र बंदच ठेवला! बाबासाहेबांनी 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात त्या नावाला विरोध केला तो उगाच नव्हे. याच जिल्ह्यात 2023 मध्ये अपंगत्वाच्या पडताळणीत तफावत आढळली म्हणून जिल्हा परिषदेला पन्नासच्या आसपास शिक्षक निलंबित करावे लागले. सोयीच्या बदलीसाठी प्रमाणपत्र, आणि खरा अपंग तालुक्याहून जिल्ह्याला हेलपाटे घालतो आहे.

2019 च्या नियमांनुसार 30 वा अधिक माणसे कामावर असतील, तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. परळीचे औष्णिक वीज केंद्र, महावितरण, एस.टी., साखर कारखाने, कुणीही यातून सुटत नाही. अपंगाला खांबावर चढवा, असे आम्ही म्हणत नाही. मोटारीचे वाइंडिंग, मीटरची तपासणी, भांडारातील नोंदी, संगणक ही बसून करण्याची कामे आहेत. अपंगांना सर्व प्रशिक्षण योजनांत सामावून घ्या, असे 2016 च्या कायद्याचे कलम 19 सरकारलाच बजावते.

जिल्हाधिकाऱ्यांनी या आस्थापनांची बैठक बोलवावी, आयटीआय झालेल्या अपंग मुलामुलींची तालुकावार यादी त्यांच्यापुढे ठेवावी, आणि किती अपंग शिकाऊ घेतले हा आकडा प्रत्येक आस्थापनेच्या फाटकावर लावायला लावावा.