टायरला आलेला फुगा

चतुर्थी जवळ आली की गोमंतकाच्या रस्त्यांवर निराळीच वर्दळ सुरू होते. मुंबई-पुण्यास स्थायिक झालेली कुटुंबे मूळ घराकडे निघतात. पणजी, मडगाव, वास्को येथील घरांना कुलुपे लागतात आणि पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाटांवर मोटारींची रीघ लागते. पुढच्या आसनावर आजी, मागे दाटीवाटीने बसलेली मुले, डिकीत माटोळीचे सामान. पावसाने उखडलेल्या रस्त्यावर पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात चाक धाडकन आदळते. यजमान खाली उतरून पाहतात. हवा गेलेली नाही. मात्र टायरच्या बाजूला सुपारीएवढा फुगवटा आलेला आहे. क्षणभर विचार होतो आणि कोणीतरी म्हणते, "चालेल हो! चतुर्थी झाल्यावर बघू."

या 'चालेल' शब्दाविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. वरवर पाहता विषय गॅरेजचा आहे आणि अग्रलेखात त्याला स्थान कशास, असे कोणी विचारील. परंतु मोटारीचा सारा भार रस्त्यावर टेकतो तो चार ठिकाणी, आणि यांतील प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. त्या चार तळहातांवर कुटुंबाचे प्राण विसंबून असतात. तेव्हा दुखावलेला टायर चालवावा की न चालवावा, हा निर्णय घाईत, पावसात आणि मुहूर्त चुकेल या धास्तीने घेण्याजोगा खचित नव्हे.

हा निर्णय जखमेच्या आकारावर नव्हे, तर तिच्या जागेवर अवलंबून असतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आजच्या रेडियल टायरमध्ये रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार पट्ट्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्या पट्ट्यात खिळा रुतला, भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठे नसले आणि ते कडेपासून दूर असले, तर टायर दुरुस्त होऊ शकतो. खिळा तेथेच उपसण्याची घाई करू नये. हवा टिकत असेल तर सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जावे. तेथेही बाहेरून वात खुपसून घेतली की काम संपले, असे मानू नये. टायर रिमवरून उतरवून आतून तपासणे आणि आतून पॅच लावणे हीच खरी दुरुस्ती. हवा गेलेल्या चाकावर गाडी काही अंतर चालली असेल, तर ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते. अशा टायरच्या आत रबराचा काळा भुगा आढळला, तर तो आतून चिरडला गेला आहे असे समजावे आणि त्याची आशा सोडावी.

बाजूच्या भिंतीची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी आहे. ही भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. तिला पोलादी पट्ट्यांचे कवच नसते. सारा ताण सोसतात ते रबरात गुंफलेले धागे. खड्ड्याची धार आणि रिम यांच्या चिमट्यात सापडून ते धागे तुटले की आतील हवेचा दाब केवळ रबरावर येतो आणि रबर बाहेर फुगते. हा फुगा कधी लगेच दिसतो, कधी काही दिवसांनी. त्यावर पॅच नाही, औषध नाही. तो दिसला की स्टेपनी चढवावी आणि तो टायर पुन्हा रस्त्यावर आणू नये. बाजूला चीर पडून आतील धागे दिसू लागले, तरी न्याय हाच.

कायदाही याविषयी संदिग्ध नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील ९४ व्या नियमाने, झिजून वा चिरून आतील कापड उघडे पडलेला किंवा एखाद्या जागी फुगून बिघाडाची लक्षणे दाखविणारा टायर सदोष ठरविला आहे. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. नक्षीच्या खाचांत तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली की टायर संपला. आपल्याकडील मुसळधार पावसात याचे महत्त्व फार आहे, कारण रस्त्यावरचे पाणी बाजूस सारतात त्या याच खाचा. त्या बुजल्या की चाक पाण्यावर तरंगू लागते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही.

"पण गाडी चालत होती ना?" असा प्रश्न अपघातानंतर ऐकू येतो. चालत होती, यात नवल नाही. १९८६ च्या जुलै महिन्यात मांडवीवरील पूल कोसळला, तोपर्यंत त्यावरूनही वाहने चालतच होती. त्याच्या पोटातील पोलाद गंजले होते, ते वरून जाणाऱ्या प्रवाशाला दिसत नव्हते. फुगलेला टायर निदान आपली व्यथा बाहेर दाखवितो. ती पाहूनही पुढे जाणाऱ्याला अज्ञानाची सबब उरत नाही.

आता एक नवी भर पडली आहे. पूर्वी खराब रस्त्यावर वेगही बेताचा असे. आज गावच्या खड्ड्यात दुखावलेले तेच चाक अर्ध्या तासात झुवारीच्या नव्या पुलावर किंवा चौपदरी महामार्गावर येते आणि ताशी ८० किलोमीटरने धावू लागते. भार, वेग आणि उष्णता एकवटतात ती तेथे. खड्डा जखम करतो, हमरस्ता तिचा सूड उगवतो. अशा वेळी टायर फुटला तर भरकटलेली गाडी समोरून स्कूटरवर येणाऱ्या निरपराध माणसावरही जाते. 'चालेल' म्हणताना त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला नवा टायर म्हणजे कित्येक दिवसांची कमाई, हे आम्ही जाणतो. म्हणूनच वापरलेले टायर काळा रंग फासून विकणाऱ्यांचे फावते. अशा टायरवरील चार आकडी खूण तरी वाचावी. पहिले दोन आकडे निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. परंतु सारा बोजा वाहनचालकावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. चतुर्थीपूर्वी खड्डे बुजविण्याची घोषणा दरवर्षी होते आणि पहिल्या सरीबरोबर ती खडी वाहून जाते. वाहनतपासणी नाक्यावर कागद पाहिले जातात, चाकांकडे कितीजण वाकून पाहतात? पेट्रोल पंपावरील हवेचे यंत्र चालू असावे आणि त्याचा काटा खरे बोलावा, ही अपेक्षाही अवाजवी नव्हे.

या मागण्या पुऱ्या होतील तेव्हा होवोत. तोपर्यंत प्रवासास निघण्यापूर्वी चारही चाकांच्या दोन्ही बाजू उजेडात पाहाव्यात, स्टेपनीत हवा आहे याची खात्री करावी आणि पाना-जॅक डिकीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावेत. शंका आली तर चाक बदलावे. अर्धा तास जाईल, फार तर आरती हुकेल. घरची मंडळी दाराशी वाट पाहत असतात ती आरतीच्या वेळेची नव्हे, आपल्या माणसांची.