वॅट म्हणजे उजेड नव्हे!

मागच्या शनिवारी चाकणच्या तळेगाव चौकात एका टेम्पोखाली जाता जाता वाचलो. मी उजवीकडे वळत होतो, टेम्पो मागून सरळ येत होता. त्या ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. तावातावाने उतरलो आणि ओरडलो, "इंडिकेटर दिसत नाही का?" ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "साहेब, लागलाय कुठं? तुम्हीच बघा."

बघितलं. लागला होता. पण दुपारच्या उन्हात मलाच तो चार पावलांवरून शोधावा लागला.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) महिन्यापूर्वीच मी त्यात 'सुपर ब्राइट 30 वॅट' एलईडी बल्ब टाकून घेतले होते. मूळचे होते साधे 10 वॅटचे. म्हणजे तिप्पट उजेड, असा माझा हिशोब. इंजिनियर ना आपण!

तर मंडळी, मुद्दा सरळ आहे. वॅट हे उजेडाचं माप नाहीच. बल्ब वीज किती खातो, एवढंच ते सांगतं. जो प्रोग्राम जास्त मेमरी खातो तो जास्त चांगला, असं ऑफिसात कोणी म्हटलं तर आपण खो खो हसू. स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

बल्बमधून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. कारच्या इंडिकेटरमधला 21 वॅटचा साध्या काचेचा बल्ब साधारण 460 ल्युमेन देतो. तोच 21 वॅटचा बल्ब पिवळ्या काचेचा घेतला तर साधारण 280. वॅट तेवढेच, उजेडात एवढा फरक! म्हणूनच दोघांच्या पिनाही वेगळ्या कोनात असतात, एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणून.

पण ल्युमेनवरही गोष्ट संपत नाही. मागच्या माणसाच्या डोळ्यापर्यंत किती पोचतं ते महत्त्वाचं, आणि ते कॅन्डेलात मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत कारच्या मागच्या इंडिकेटरला सरळ मागे किमान 50 कॅन्डेला आणि पुढच्याला किमान 175 लागतात. हे आकडे अख्ख्या दिव्याचे आहेत, नुसत्या बल्बचे नाहीत. आतला रिफ्लेक्टर एका ठराविक जागी असलेल्या बारीकशा तारेसाठी घडवलेला असतो. तिथे कणसासारखा एलईडी खोचला की उजेड भलतीकडेच जातो. त्यात माझे एलईडी पांढरे आणि काच पिवळी. निम्मं काम काचेनेच हाणून पाडलं.

घरी येऊन मल्टिमीटर लावला. 12 व्होल्टला 30 वॅट म्हणजे अडीच अँपियर हवेत. आले 0.2. म्हणजे जेमतेम अडीच वॅट! खोक्यावरचा आकडा शुद्ध थाप होती.

अजून एक विनोद ऐका. एलईडी टाकल्यावर इंडिकेटर दुप्पट वेगाने उडायला लागतो. कारण करंट कमी झाला की जुना फ्लॅशर समजतो, एक बल्ब गेला. ही बिघाडाची सूचना आहे. तिच्यावर दुकानातला इलाज काय? समांतर एक रेझिस्टर! कारला 6 ओहमचा लावला तर तो 12 व्होल्टला 24 वॅट खातो. वीज वाचवायला एलईडी लावायचा आणि वाचलेली वीज रेझिस्टर तापवण्यात घालवायची. शिवाय खरंच बल्ब गेला तर आता कळणारही नाही. याला आपल्याकडे एरर मेसेज कमेंट करून टाकणं म्हणतात.

कोणी म्हणेल, नव्या गाड्यांना एलईडीच असतात की! असतात, आणि उत्तम असतात. तारेच्या बल्बपेक्षा लवकर पेटतात. पण तिथे दिवा, काच आणि सर्किट एकमेकांसाठी बनवलेलं असतं. माझं भांडण एलईडीशी नाहीच. जुन्या दिव्यात नवा बल्ब कोंबण्याशी आहे.

आणि सगळा दोष दुकानदारावरही ढकलू नका. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आपण गाड्या बनवतो. वाहनं तपासणारी एआरएआय पुण्यात 1966 पासून आहे, तिचं केंद्र चाकणलाही आहे. आठवडाभर कंपनीत मिलीमीटरच्या शंभराव्या भागावर वाद घालणारे आपण, रविवारी दुकानात खोक्यावरच्या आकड्याला भुलतो. मागणी आपली आहे म्हणून तर तो माल विकला जातो.

उद्या रविवार आहे. दुपारी बारा वाजता इंडिकेटर लावा आणि गाडीमागे तीस पावलं जाऊन बघा. 15 सेकंदांत किती वेळा उडतो ते मोजा. 15 ते 30 च्या बाहेर गेला तर काहीतरी गडबड आहे. बल्ब बदलताना जुन्यावरचा कोड बघून तोच घ्या, वॅट वाढवू नका. जास्त वॅटचा तारेचा बल्ब काच आणि वायर दोन्ही वितळवू शकतो.

मी जुने 10 वॅटचे परत बसवलेत. त्या टेम्पोवाल्याला मात्र सॉरी म्हणायचं राहूनच गेलं. त्याने ब्रेक मारला, म्हणून हे लिहायला मी आहे.