विश्लेषण : विमान हद्द ओलांडते तेव्हा जमिनीवर नेमके काय घडते?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली विमानतळावरील ८०० हून अधिक विमानांना उशीर झाला. दिल्लीत थंडी सुरू होताना असे झाले की आपण धुक्याला दोष देतो. या वेळी कारण वेगळे होते. ‘ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टीम’ म्हणजे एएमएसएस ही यंत्रणा बिघडली होती. विमानांचे फ्लाइट प्लॅन आणि त्यासंबंधीचे संदेश एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे पोहोचवणारी ही यंत्रणा. ती अडकल्यावर कंट्रोलरांना फ्लाइट प्लॅन हाताने हाताळावे लागले आणि देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळाचा वेग एकदम मंदावला.

त्या दिवशी प्रवाशांचा मनस्ताप झाला, कोणाच्या जिवावर बेतले नाही. पण या गोंधळामुळे एक गोष्ट उघड्यावर आली. आकाशातली सुरक्षितता रडारवर जेवढी अवलंबून असते, तेवढीच एका कंट्रोलरचा निरोप दुसऱ्यापर्यंत वेळेत पोहोचण्यावर असते.

आकाशाला हद्दी कशासाठी?

एका माणसाला एका वेळी ठरावीक विमानांवरच लक्ष ठेवता येते. म्हणून आकाशाचे तुकडे केलेले असतात. भारताच्या ताब्यातील हवाई क्षेत्र सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग समुद्रावर आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या ‘फ्लाइट इन्फर्मेशन रीजन’मध्ये ते विभागले आहे. त्याचे लघुरूप एफआयआर. (पोलीस ठाण्याशी काही संबंध नाही.) प्रत्येक एफआयआरचे पुन्हा सेक्टर. काही सेक्टर नकाशावर शेजारी-शेजारी असतात, तर काही एकावर एक, म्हणजे ठरावीक उंचीपर्यंत एकाचा ताबा आणि त्यावर दुसऱ्याचा.

मुंबई-दिल्ली विमान आपल्याला एकसलग प्रवास वाटतो. कॉकपिटमध्ये मात्र पायलट दोन तासांत अनेकदा फ्रिक्वेन्सी बदलतो. दर वेळी पलीकडचा आवाज बदलतो, कारण विमान एका कंट्रोलरच्या शिवेतून दुसऱ्याच्या शिवेत गेलेले असते. यालाच हँडओव्हर म्हणतात.

हँडओव्हर होतो कसा?

रेल्वेची ‘लाइन क्लिअर’ पद्धत ठाऊक असेल, तर अर्धे उत्तर तुमच्याकडे आहे. स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनला विचारतो, तिकडून होकार आला की गाडी सोडतो. आकाशातही देणाऱ्याने आधी कळवायचे आणि घेणाऱ्याने होकार द्यायचा, असाच नियम आहे. अमुक विमान, अमुक उंचीवर, अमुक बिंदूवर, अमुक वाजता पोहोचेल. या निरोपाला ‘एस्टिमेट’ म्हणतात. युरोपात आणि आशियात बऱ्याच ठिकाणी तो संगणक ते संगणक जातो. जिथे ती सोय नाही किंवा ती बंद आहे, तिथे थेट फोनलाइनवर बोलून.

फरक इतकाच की रेल्वेगाडी सिग्नलला उभी राहू शकते. जेट विमान मिनिटाला साधारण १५ किलोमीटर पुढे सरकत असते.

दोन शेजारी केंद्रांमध्ये लेखी करार असतो. कोणत्या मार्गावरचे विमान कोणत्या उंचीवर सोपवायचे, मागे-पुढे किती अंतर ठेवायचे, हे त्यात आधीच ठरलेले असते. सगळे त्या चौकटीत बसत असेल, तर फोन उचलावाही लागत नाही. स्क्रीनवर विमानाची ओळखपट्टी पुढच्या सेक्टरला देऊ केली जाते, तिकडचा कंट्रोलर ती स्वीकारतो आणि पायलटला नवी फ्रिक्वेन्सी सांगितली जाते. पायलट नव्या कंट्रोलरला हाक देतो, आपली उंची सांगतो. प्रवासी तोवर चहाचा कप रिकामा करत असतात.

गुंतागुंत होते ती चौकटीबाहेरच्या विमानांची. समोर ढग आहेत म्हणून पायलटला डावीकडे वळायचे आहे किंवा हादरे बसताहेत म्हणून उंची बदलून हवी आहे, आणि विमान शिवेपासून काही मिनिटांवर आहे. अशा वेळी एक बारीक पण महत्त्वाचा नियम लागू होतो. पायलट नव्या कंट्रोलरशी बोलू लागला, म्हणजे विमानाचा पूर्ण ताबा त्याच्याकडे आला असे नाही. हद्द ओलांडेपर्यंत वळण किंवा उंची बदलायची तर आधीच्या कंट्रोलरची संमती लागते. कारण त्याच्या सेक्टरमध्ये आजूबाजूला आणखी कोणती विमाने आहेत, हे त्यालाच नीट माहीत असते. म्हणून व्यग्र सेक्टरवर दोन माणसे बसतात. एक रेडिओवर विमानांशी बोलतो, दुसरा शेजारच्या सेक्टरांशी. हा दुसरा माणूस प्रवाशांना कधी ऐकू येत नाही. खर्च कमी करायची वेळ आली की आधी त्याचीच खुर्ची रिकामी होते.

निरोप पोहोचलाच नाही तर?

१ जुलै २००२ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास जर्मनीच्या दक्षिणेला, युबरलिंगेन गावावर ते घडले. मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेले रशियन तुपोलेव्ह विमान आणि डीएचएलचे मालवाहू बोइंग ३६ हजार फुटांवर एकमेकांच्या वाटेत आले होते. तो भाग जर्मनीचा असला, तरी तिथल्या विमानांवर नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिच केंद्राचे होते. झुरिचमध्ये त्या रात्री कामावर असलेल्या दोनपैकी एक कंट्रोलर विश्रांतीला गेला होता. तशी प्रथाच पडली होती आणि वरिष्ठांना ती ठाऊक होती. उरलेला एकटा दोन स्क्रीन सांभाळत होता.

त्याच रात्री यंत्रणेवर देखभालीचे काम चालू होते. धोक्याचा इशारा स्क्रीनवर दाखवणारी सोय त्यामुळे बंद होती. शेजारच्या केंद्रांशी जोडणारी मुख्य फोनलाइनही बंद होती. पर्यायी लाइन होती, पण तिच्यात बिघाड होता. उशिरा आलेले एक विमान जवळच्या फ्रीडरिशहाफेन विमानतळाच्या ताब्यात द्यायचे म्हणून हा कंट्रोलर फोन लावत राहिला. तो लागत नव्हता.

शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातल्या कंट्रोलरला दोन्ही विमाने स्क्रीनवर दिसत होती. टक्कर होण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधी त्याच्याकडे इशारा वाजला. त्याने झुरिचला पुन:पुन्हा फोन केला. लागला नाही. विमाने त्याच्या फ्रिक्वेन्सीवर नव्हती, त्याच्या हद्दीत नव्हती. त्याला फक्त पाहता येत होते.

झुरिचच्या कंट्रोलरचे लक्ष गेले तेव्हा ४५ सेकंदही उरले नव्हते. त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले. त्याच विमानातली टक्कररोधक यंत्रणा मात्र वर जा म्हणत होती. पायलटांनी माणसाचे ऐकले. बोइंगच्या यंत्रणेने त्याच्या पायलटांना खाली जायला सांगितले होते आणि ते तसेच गेले. दोन्ही विमाने एकत्र खाली येत धडकली. ७१ जण गेले, त्यात सुट्टीला निघालेली ५२ मुले होती. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी ठरवले.

यंत्रणेची सूचना आणि कंट्रोलरची सूचना वेगळी आली, तर यंत्रणेचेच ऐकायचे, हा नियम त्यानंतर जगभर स्पष्ट करण्यात आला. या अपघाताची आठवण बहुतेकदा तेवढ्यासाठीच काढली जाते. मला त्यातली फोनलाइन जास्त महत्त्वाची वाटते. इंजिनीअरिंगला आम्हाला शिकवले होते की, पर्यायी व्यवस्था कागदावर असणे वेगळे आणि ती चालते का हे पाहणे वेगळे. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न असायचा.

आपल्याकडे असे घडू शकते?

एका खोलीतल्या दोन माणसांत निरोप चुकल्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. जानेवारी २०२२ मध्ये बंगळुरूत दोन समांतर धावपट्ट्यांवरून एकाच कंपनीच्या दोन विमानांना जवळपास एकाच वेळी उड्डाणाची परवानगी दिली गेली. एकच धावपट्टी वापरायची, असे आधी ठरले होते. ते दुसऱ्या कंट्रोलरला कळलेच नव्हते. हवेत दोघांचे मार्ग जवळ येऊ लागले तेव्हा रडारवरच्या कंट्रोलरने वेळीच त्यांना वेगळे वळवले. दोन्ही विमानांत मिळून चारशेहून अधिक प्रवासी होते.

तिथे एक जास्तीचा माणूस स्क्रीनकडे पाहत होता. पण माणसांचीच टंचाई आहे. देशात कंट्रोलर अपुरे आहेत आणि त्यांच्यावर थकवा येईल इतका ताण आहे, याकडे २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने लक्ष वेधले. यंत्रणा मंदावल्याच्या तक्रारी कंट्रोलरांच्या संघटनेने दिल्लीच्या बिघाडाआधी काही महिने केल्या होत्या. नोव्हेंबरपर्यंत ही केवळ आतल्या गोटातली बातमी होती.

नागपूरचा मार्ग काय आहे?

चारही एफआयआरचे वरच्या उंचीवरचे आकाश एकत्र करून नागपुरातून हाताळण्याचा ‘ईशान’ हा प्रकल्प भारतीय विमानतळ प्राधिकरणाने आखला आहे. हद्दी कमी झाल्या, तर हँडओव्हर कमी होतील, मार्ग सरळ होतील, इंधन वाचेल. कल्पना चांगली आहे. पण सेक्टर तेव्हाही राहणारच, कारण एका माणसाच्या नजरेची मर्यादा नागपुरातही तीच. परदेशांशी लागून असलेल्या सीमाही राहणार. अरबी समुद्रावर मुंबईच्या शेजारी मस्कत आहे. दुबईला जाणारे आपले विमान किनाऱ्यापासून दूर गेले की रडारच्या टप्प्याबाहेर जाते आणि तिथे पुन्हा वेळ, उंची आणि बिंदू सांगणाऱ्या निरोपावरच काम चालते.

शिवाय चार ठिकाणचे काम एका शहरात आले की तिथल्या एका बिघाडाचा फटका देशभर बसेल. दिल्लीच्या एका यंत्रणेने काय होते, हे आपण पाहिले आहे. नागपूर बंद पडले, तर ताबा कोण घेणार, ती पर्यायी व्यवस्था वर्षातून किती वेळा प्रत्यक्ष चालवून पाहणार आणि रात्री दोन वाजता एका सेक्टरवर किती माणसे बसणार, हे आराखड्यात आकड्यांसह लिहिलेले असायला हवे आणि ते संसदेसमोर यायला हवे.